गाण्यावर कोणी बोलेल का?

गेल्या कोजागिरीला नागपुरातल्या आमच्या कॉलनीत तिसऱ्या गाण्याच्या मध्येच आवाज बंद पडला. सगळ्यांना वाटलं, लाइट गेली. पण मंडपातली झालर तशीच लुकलुकत होती. अध्यक्षांनी मिक्सरची पिन काढली होती. स्टेजवर एका पंक बँडचे चार पोट्टे, गिटार मुकी झालेली, ड्रमवाल्यानं सवयीनं आणखी दोन ठोके दिले आणि तोही थांबला. कोपऱ्यात दूध तेवढं उकळत राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे वाद पेटला आहे. एक पक्ष म्हणतो, हा पाश्चात्त्य धिंगाणा आहे, कोजागिरीला भावगीतं हवीत. दुसरा पक्ष म्हणतो, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी झाली. कॉलनीची सभा झाली, टपरीवर चहाचे कितीतरी कट झाले, दोन घरांचं बोलणं बंद झालं. एवढ्या सगळ्यात, ते गाणं काय म्हणत होतं याबद्दल कोणी तोंड उघडल्याचं मी ऐकलं नाही.

आधीच सांगून टाकतो, त्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा माझा सख्खा भाचा आहे, तेव्हा माझं म्हणणं दोन आणे कमी धरा. बँडचं नाव देत नाही; नाव दिलं की लेखाची जाहिरात होते. सहा वर्षांपूर्वी हिंगणा रोडवर तालमीसाठी एक बंद गोदाम भाड्यानं घ्यायला ते गेले, तेव्हा मालकानं विचारलं होतं, ‘बँड म्हणजे वरातीचा का संदलचा?’ पंक, म्हणजे साधं, वेगवान, आरडाओरड्याचं रॉक, म्हटल्यावर त्याला ‘पंखा’ ऐकू आलं, असं भाचा सांगतो. (हे त्यानं रचलेलं असावं असा मला संशय आहे.) ज्या गाण्यावर पिन निघाली ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेवर आहे. मुखडा एवढाच: ‘लाइट तुह्या घरी, राख माह्या दारी.’ पुढे दोन कडवी आणि शेवटी नुसता आरडाओरडा. माझं म्हणणं असं आहे की हे गाणं उत्तर मागतं. ते आवडलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. पण त्याला गोंगाट म्हणणारा जसा उत्तर द्यायचं टाळतो, तसाच ‘अभिव्यक्ती आहे, करू द्या’ म्हणणाराही टाळतो. पहिला कान बंद करतो, दुसरा पाठ थोपटून घरी जातो. राखेचं काय, हे दोघांनाही सांगावं लागत नाही.

पंक जिथे जन्मलं तिथलं आठवून पाहा. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतलं रॉक संगीत मोठ्या मैदानांचं, महागड्या यंत्रांचं आणि दहा-दहा मिनिटांच्या गिटारवादनाचं झालं होतं. ऐकणाऱ्यानं तिकीट काढायचं आणि थक्क व्हायचं, एवढंच त्याचं काम. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची पहिली तबकडी आली. दोन-दोन मिनिटांची गाणी, वादनाची कसरत नाही. पाठोपाठ इंग्लंडमध्ये पोरांनी घरगुती मासिकं काढली. त्यातल्या एकात गिटारच्या तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांची, बोटं काढून दाखवली होती आणि खाली लिहिलं होतं की आता बँड काढा. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच छापली, आणि कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं हे वेष्टनावरच लिहून टाकलं. स्वयंपाकघराचं दार मुद्दाम उघडं ठेवावं तसं. कोणता गवई आपली तालीम अशी चव्हाट्यावर मांडतो? ज्याला समोरच्यानंही गायला बसावं असं वाटतं, तोच. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं निघाली, त्यामागचा हिशेब वेगळा नव्हता. संपादकाच्या होकाराची वाट न पाहता छापता येतं हे एकदा दिसलं, की मग शाळेच्या मागच्या बाकावरचाही लिहायला लागतो.

इथे विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी त्यांच्या वतीनं मांडतो, कारण त्यांनी तो मांडलाच नाही. पंक जन्मापासून बाजारू होतं. सेक्स पिस्टल्स या बँडचा कर्ताधर्ता माल्कम मॅक्लॅरन लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान चालवत होता. राणीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७७ मध्ये, बीबीसीनं त्यांचं गाणं वाजवायला नकार दिला, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बंडखोरी खपते हे तिथल्या दुकानदारांना तेव्हाच कळलं. काही पंक मंडळी नुसतं लोकांना डिवचायला नाझी स्वस्तिक मिरवत होती, आणि पुढे उघड वंशद्वेषी बँडही याच ढंगात गायले. म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा यांत मुळातच काही पुण्य भरलेलं आहे, हे समर्थकांचं म्हणणं टिकत नाही. पण त्याच इंग्लंडमध्ये १९७६ च्या ऑगस्टमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टननं बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. तेव्हा काही लोकांनी नुसता निषेध नोंदवला नाही. त्यांनी वंशवादाविरुद्ध गाण्याचे कार्यक्रम उभे केले. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला. तिथे क्लॅशसारखा पंक बँड आणि बर्मिंगहॅमचाच, कृष्णवर्णीय पोरांचा स्टील पल्स हा रेगे (जमैकन ढंगाचा) बँड एकाच मंचावर वाजले. मंचावरून बोललं गेलं होतं, मंचावरूनच उत्तर मिळालं.

आता ‘परकीय’ या आरोपाकडे येऊ. याला समर्थकांचं ठरलेलं उत्तर आहे: पेटी तरी कुठे आपली? खरंच आहे. हार्मोनियम युरोपातून आली, आणि ती आपल्या गाण्याला मारक आहे म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. पण या उदाहरणानं अर्धीच लढाई जिंकली जाते. पेटी आपली झाली ती तिच्यावर अभंग वाजले म्हणून, नुसती इथे आणून ठेवली म्हणून नाही. आणि या बँडच्या पहिल्या दोन वर्षांपुरता नकलेचा आरोप शंभर टक्के खरा होता. सगळी गाणी इंग्रजीत. एक गाणं तर भुयारी रेल्वेतल्या एकटेपणावर होतं. आमच्या नागपूरची मेट्रो खांबांवरून जाते, एकही स्टेशन जमिनीखाली नाही! मी तेव्हा भाच्याला म्हटलं, तुम्ही दुसऱ्याचा ताप अंगावर घेऊन कण्हून राह्यले. तो रागावला. पुढे कधीतरी गोदामात गिटारवाल्यानं आपल्या आजीची तक्रार, वाळवणावर राख बसते म्हणून, जशीच्या तशी चालीत टाकली. तिथून भाषा फिरली. नाटकी वऱ्हाडी नाही, ठेवणीतली पुणेरीही नाही. घरात ‘काऊन बे’ म्हणतात तीच.

याच वळणावर काही समर्थक उत्साहात म्हणायला लागतात की पंक आमच्याकडे आधीपासूनच होतं, मारबत म्हणजे नागपूरचं पंकच. मला हा युक्तिवाद विमानं आमच्याकडे आधीच होती या थाटाचा वाटतो. तरी त्यात एक कण सत्य आहे, तेवढा निवडून घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. सोबत बडगे असतात, चिंध्या-कागद-बांबूचे, गळ्यात पाट्या अडकवलेले. महागाई, भ्रष्टाचार, कुठलाही मंत्री-संत्री, कोणी सुटत नाही. ‘ईडा-पीडा, रोगराई’ असं एकानं म्हणायचं आणि गल्लीनं ओरडायचं, ‘घेऊन जा गे मारबत!’ सूर-तालाच्या नावानं आनंद असतो, पण तिथे प्रेक्षक म्हणून उभा राहिलेला मी कोणी पाहिला नाही. बडगा बनवायला शिल्पकार असावं लागत नाही, ओरडायला गायक. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की मारबतीला शहरानं एक दिवस दिलेला आहे. त्या दिवशी वाटेल ते बोला, संध्याकाळी पुतळा जाळून घरी या. चार पोट्टे कोजागिरीला, म्हणजे न दिलेल्या दिवशी, तेच बोलले.

तुकडोजी महाराजांची खंजिरी हे त्याहून जवळचं उदाहरण. चार बोटांनी वाजवायचं, झोळीत मावणारं वाद्य. शब्द शेतकऱ्याला एका ऐकण्यात पाठ होतील असे. त्यांच्या भजनांनी गावं कशी पेटली हे इंग्रज सरकारला कळलं होतं. १९४२ च्या आंदोलनात महाराजांना अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. त्या सरकारनं भजनाला गोंगाटही म्हटलं नाही आणि अभिव्यक्तीही म्हटलं नाही. त्यानं शब्द ऐकले होते. आमच्या कॉलनीपेक्षा त्या कलेक्टरचा कान तयार होता असं म्हणावं लागतं.

पण मला खरोखर अडवणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो माझ्या एका मित्रानं टपरीवर शांतपणे मांडला. तो म्हणाला, ‘तुह्या भाच्याच्या बँडमधले तिघं इंजिनीअर. बापाच्या गाडीत अँप्लिफायर टाकून येतात. राख यांच्या दारी पडत नाही ना बाप्पा, मग माह्या दारी कसं म्हणतात?’ याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एक अख्खी आंबेडकरी गायनपरंपरा वाढली. वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक गावोगाव फिरले. जे गायले ते जगलेलं होतं. आजही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर फिरा. पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल, आधी कॅसेटी, मग सीडी, आता पेन ड्राइव्ह. गावातल्या गायकानं पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित केलेलं गाणं फुटपाथवर विकलं जातं आणि मराठवाड्यापर्यंत पोहोचतं. कुठल्याही कंपनीशिवाय चालणारं संगीत म्हणाल तर नागपूरला ते शिकवायला लंडनहून कोणी यायची गरज नव्हती. या परंपरेसमोर चार पोरांनी ‘आम्ही स्वतंत्र, आम्ही बंडखोर’ म्हणत छाती काढणं मला ओशाळवाणं वाटतं, आणि ते त्यांना मी तोंडावर सांगितलं आहे.

तरीही मित्राचा निष्कर्ष मला मान्य नाही. क्लॅशचा गायक, जो स्ट्रमर नावाचा, ब्रिटिश परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा होता, अंकाऱ्यात जन्मलेला. म्हणून व्हिक्टोरिया पार्कात गाण्याचा त्याचा हक्क बाद झाला का? ज्याला लागलंय त्यानंच बोलावं हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्याचा उपयोग कोण करून घेतं ते पाहा. ज्याच्या घरी लाइट जाते तो या नियमाच्या आड निवांत गप्प बसू शकतो. गिटारवाल्याची आजी कोराडीजवळच्या खापरखेड्याची आहे हा योगायोग बाजूला ठेवला, तरी शहरातल्या धरमपेठेतल्या पंख्यालाही त्या राखेचा हिशेब द्यायचा आहेच. आपल्याकडच्या कोळशात शेकडा ३० ते ४० राख असते. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात, आणखी दोनांसाठी २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. मुखड्यात ‘तुह्या घरी’ कोणाचं घर आहे? गाणाऱ्यांचंही आहे, म्हणून तो मुखडा मला खोटा वाटत नाही. मित्राच्या आक्षेपातलं जे खरं आहे त्याला चेन्नईनं रस्ता दाखवला. २०१८ च्या जानेवारीत तिथे तमिळ चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला, वस्त्यांमधलं ‘गाना’ नावाचं लोकसंगीत, रॅप आणि रॉक एकत्र घेऊन. ज्यांचं दुखणं त्यांनीच गिटार हातात घेतली. इंजिनीअर पोरांनी गप्प बसून हे घडत नाही. गोदाम आठवड्यातून दोन दिवस इतरांना उघडं केलं तर घडण्याचा काही संभव आहे. आमच्या पोट्ट्यांनी हे सहाव्या वर्षी केलं, पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

आवाजाबद्दल फार बोलत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे आणि तो पंकलाही लागू आहे. ‘वरातीचा डीजे चालतो मग हे का नाही’ हा युक्तिवाद मला लहान मुलांचा वाटतो. दोघांनीही आवाज कमी करावा. पण त्या रात्री पिन निघाली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, एवढं नोंदवून ठेवतो. रियाज नाही, हाही आक्षेप ऐकला. मे महिन्यात एकदा त्यांच्या तालमीला बसा. बाहेर पंचेचाळीस, आत पत्र्याखाली एकच कूलर, त्याची घरघर एवढी की मायक्रोफोनमधून ती पाचवा वादक असल्यासारखी येते. उन्हानं तारा उतरतात, दर दोन गाण्यांनंतर सूर लावावा लागतो. कूलर बंद केला तर जीव जातो, चालू ठेवला तर शब्द जातात. ते कूलर बंद करून एक गाणं वाजवतात, मग पाच मिनिटं त्याच्यासमोर शर्ट फुगवून उभे राहतात, मग दुसरं. त्याच चार ओळी अकरा वेळा. याला रियाज म्हणायचं नसेल तर नका म्हणू, दुसरा शब्द सुचवा.

बँडशी माझं खरं भांडण पैशांवरून आहे. स्वतंत्र म्हणजे फुकट, अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती, आणि शहरातल्या कॅफेवाल्यांनी ती आनंदानं जोपासली. ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ म्हणायचं, दोन तास वाजवून घ्यायचं आणि कॉफीचं बिल हातात द्यायचं. बँडची एक दोनशे पानी वही आहे, ती मी चाळली. गोदामाचं भाडं, तारा, वर्ध्याला जायचं पेट्रोल, जनरेटर, पोहे. तर्रीचे ‘जास्तीचे’ पैसे सुद्धा वेगळे लिहिलेले. जमेच्या बाजूला पानंच्या पानं कोरी. हे मोठेपणाचं लक्षण आहे असं त्यांना वाटायचं. मी त्यांना झाडीपट्टी रंगभूमीचं उदाहरण दिलं. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी उलटली की होळीपर्यंत तिथे रात्र-रात्र नाटकं चालतात. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायानं त्यांना कित्येक वर्षं नाक मुरडलं. सरकारी अनुदानावर ती उभी नाहीत. गावकरी तिकीट काढतात, तंबू भरतो, नटाला नाइट (प्रयोगाचे पैसे) मिळते, पेटीवाल्याला मिळते, पडदे ओढणाऱ्यालाही मिळते. कुणाच्या दारात जावं लागत नाही, म्हणून ती स्वतंत्र. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड वर्षानुवर्षं पाच डॉलरचं तिकीट लावून वाजला. स्वस्त, पण फुकट नाही. फुकट गाणाऱ्याला ऐकणारा कधीही हाकलू शकतो, कारण त्याचं काहीच गुंतलेलं नसतं. कोजागिरीचा कार्यक्रमही फुकटच होता. भाचा यावर म्हणाला, ‘मामा, तिकीट असतं तर पिन काढली नसती का?’ काढली असती. पण निदान पन्नास लोकांनी पैसे परत मागितले असते.

सहा वर्षांत यांनी मिळवलं काय, असं सभेत एकानं विचारलं होतं. कंपनीचा करार नाही, टीव्ही नाही, पुरस्कार नाही. समर्थकांनी तेव्हा परगावच्या कार्यक्रमांची यादी वाचून दाखवली, आणि तिथेच ते हरले, कारण त्यांनी समोरच्याचाच तराजू उचलला. गोदाम इतरांना उघडं केल्यावर गेल्या पावसाळ्यात कामठीहून तीन शाळकरी मुली यायला लागल्या. एकीच्या गिटारला पाचच तारा होत्या. सहावी आणून देतो म्हटल्यावर ती म्हणाली, ‘राहू द्या, आमचं गाणं पाचावर बसलंय.’ त्यांचं गाणं शाळेच्या संडासाला कडी नसण्यावर आहे. मला चाल काही आवडली नाही.

आणि आमचे अध्यक्ष. त्यांची बाजू मी इतका वेळ अर्धवटच सांगितली. मेच्या एका सकाळी मी आणि भाचा फिरायला निघालो, तर त्यांनी फाटकाशीच थांबवलं. मला वाटलं, कोजागिरीचं उट्टं निघतं. ते म्हणाले, ‘अबे, राख चिमणीतून पडते असं कोणी सांगितलं तुम्हाले?’ दुसऱ्या कडव्यात खरंच तसं होतं. अध्यक्ष वीज केंद्रातून निवृत्त झालेत, एकतीस वर्षं नोकरी, हे मला माहीत होतं. पण पिन काढणाऱ्या हाताशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. त्यांनी समोरच्या स्कूटरच्या धुळकट सीटवर बोटानं आकृती काढली. चिमणीच्या आधी यंत्र असतं, ते बहुतेक राख धरून ठेवते. मग ती पाण्यात कालवून पाइपानं बंधाऱ्यात नेतात. उन्हाळ्यात बंधारा सुकला की वारा उचलतो, आणि पावसाळ्यात बंधारा फुटला तर सगळं शेतात. ‘२०२२ च्या जुलैत खसाळ्याचा फुटला, नदीत गेली ना राख. ते काऊन नाही घातलं? म्हणायचं तर बरोबर म्हणा ना!’ म्हणजे अख्ख्या कॉलनीत गाण्याचे शब्द एकाच माणसानं ऐकले होते, आणि पिन त्यानंच काढली होती.

त्या आठवड्यात गोदामात त्या कडव्यावरून जुंपली. ‘चिमणी’ तीन हलक्या ठोक्यांत बसते, ‘बंधारा’ जड पडतो, ड्रमवाला अडून बसला. शेवटी एक ठोका वाढवला आणि ओळ अडखळत जाते तशीच ठेवली. भाच्यानं ती फोनवर ध्वनिमुद्रित करून अध्यक्षांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: ‘आता बरोबर आहे. आवाज कमी करा, शब्द कळत नाहीत.’ या कोजागिरीचं त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.